पावसाळ्यात नांगरलेली बोट: तळातले पाणी भरवशाने ओळखणारा स्विच कोणता?

खाडीमुख

मंचावरील सर्वांना नमस्कार. आमची ३८ फुटी, फायबरची मासेमारी बोट आहे. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात आसपासचे बहुतेक नाखवे आपल्या बोटी वर ओढून शाकारतात; परंतु आमच्या वाडीचा उतार अरुंद असल्यामुळे मोठ्या बोटीला तिथे जागा मिळत नाही आणि आमची बोट रत्नागिरीच्या दक्षिणेकडील एका खाडीत दोन महिने नांगरावरच राहते. त्या काळात तळात पाणी तीन वाटांनी येते. शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथल्या दोरी भरलेल्या बुचातून, थोडे झिरपते, इंजिनावरच्या झाकणाच्या कडांमधून पावसाचे उतरते आणि मासळीच्या कप्प्यावरील फळ्यांच्या फटींमधूनही पावसाचेच येते. डेकवरचे बरेचसे पाणी बाजूच्या भोकांतून बाहेर जाते, तरीही माझ्या मोजमापाप्रमाणे सुमारे १२ चौरस मीटर भागावर पडणारा पाऊस आतच जातो. म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस झाला की १,२०० लिटर पाणी तळात जमते. हवामान खाते २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक झालेल्या पावसाला सर्वांत वरच्या वर्गात टाकते. तसा एक दिवस उजाडला तर हाच आकडा २,४५० लिटरच्या घरात जातो.

पूर्वी वडील आणि मी रोज छोट्या होडीतून जाऊन पाणी उपसत असू. आता वडिलांचे वय झाले आहे, आणि वाऱ्यापावसात एकट्याने खाडीतून जाणे मला योग्य वाटत नाही. म्हणून १२ व्होल्टचा पंप, १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी, सोलर पॅनेल आणि पाण्यावर तरंगत वर उचलला की पंप चालू करणारा बिजागरीचा फ्लोट स्विच बसवला. पहिल्याच पावसाळ्यात जाळ्याचा तुटका नायलॉनचा धागा बिजागरीत गुंतला आणि फ्लोट वरच्या स्थितीतच अडकला. पंप कोरडा चालत राहिला. मळभामुळे पॅनेलकडून भर पडत नव्हती, त्यामुळे दीड दिवसात बॅटरी संपली आणि मी पोहोचलो तेव्हा पाणी गिअरबॉक्सच्या वर आले होते.

दुसऱ्या वर्षी हलणारा भागच नको, असा विचार करून स्टेनलेस स्टीलच्या दोन दांड्या आणि त्यांच्यामधून वीज वाहिली की पंप सुरू करणारे सर्किट एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून तयार करून घेतले. फेब्रुवारीत खाडीच्या पाण्याची बादली भरून आम्ही त्याची वीस-पंचवीस वेळा चाचणी घेतली आणि ते एकदाही चुकले नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र पाणी दांड्यांच्या टोकांवर चार बोटे चढलेले असताना पंप बंद होता. तेच सर्किट तिथल्या तिथे खाडीच्या पाण्यात धरले, तर पंप लगेच चालू झाला! दांड्या स्वच्छ होत्या, वायर तुटलेली नव्हती, बॅटरी भरलेली होती. हे का झाले, आणि दोन महिने माणूस नसताना भरवसा ठेवता येईल अशी पाणी ओळखण्याची पद्धत कोणती, हे मला समजून घ्यायचे आहे.

सर्किटवाला

तुमच्या सर्किटने पाणी नव्हे, मीठ ओळखले. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. ती वाहते त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. समुद्राच्या पाण्याची वाहकता साधारण ५०,००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर असते, तर पावसाच्या पाण्याची बहुधा काही दहांत मोजावी लागते. म्हणजे फरक हजारपटीहून जास्त आहे. एक सेंटीमीटर बाजूचा पाण्याचा घन कल्पून समोरासमोरच्या दोन बाजूंमधील रोध मोजला, तर समुद्राच्या पाण्यात तो सुमारे २० ओहम भरेल आणि पावसाच्या पाण्यात तीस-चाळीस हजार ओहम. किती ओहमच्या खाली रोध आला की ‘पाणी आहे’ समजायचे, ही मर्यादा ज्याने सर्किट केले त्याने समोर असलेल्या खाऱ्या पाण्यावरून ठरवली असणार. जूनमध्ये तळात थोडे खारे पाणी शिल्लक होते तोवर काम झाले; प्रत्येक उपशाबरोबर मीठ बाहेर गेले, वरून पावसाचे पाणी येत राहिले आणि जुलैपर्यंत तळातले पाणी जवळजवळ गोडे झाले.

मर्यादा वाढवून एक लाख ओहमवर नेली की प्रश्न सुटेल असे वाटेल, पण तिथे उलटा दोष उभा राहतो. दोन्ही दांड्या ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीत बसवल्या आहेत तिच्यावर खारट ओलीचा थर राहतो, आणि त्या थराचा रोधही याच पातळीचा असू शकतो. मग पाणी उपसून झाले तरी सर्किटला ‘पाणी आहे’ असेच दिसत राहते आणि पंप कोरडा चालतो. दांड्यांवर ग्रीस चढले तर आणखी तिसरा दोष, कारण ग्रीस वीज अडवते. शिवाय दांड्यांना सतत एकाच दिशेचा वीजप्रवाह दिला तर धन बाजूची दांडी झिजते आणि ऋण बाजूवर पांढरा थर धरतो. दांड्याच वापरायच्या असतील तर दर सेकंदाला काही मिलिसेकंदच, आणि दिशा आलटून पालटून प्रवाह द्यावा, टोके सोडून बाकी दांडीवर नळी चढवावी आणि धरणारी पट्टी पाण्याच्या पातळीपासून बरीच वर ठेवावी. इतके करूनही मी ती पद्धत एकटीच्या भरवशावर ठेवणार नाही.

इंजिनकक्ष

मी बत्तीस वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काम केले आणि आता निवृत्त आहे. मोठ्या जहाजाचे आणि तुमच्या बोटीचे माप वेगळे असले तरी तळाच्या पाण्याचा स्वभाव एकच असतो. त्यात डिझेल असते, ग्रीस असते, माशांचे खवले, नायलॉनचे धागे, रेती, थर्माकोलचे मणी असतात, आणि ते कधीही स्थिर नसते. बादलीतल्या स्वच्छ, शांत पाण्यात प्रत्येक स्विच उत्तम चालतो.

म्हणून मी स्विच निवडताना आधी एकच गोष्ट विचारतो: हा बिघडला तर कोणत्या बाजूला बिघडतो? बिजागरीचा फ्लोट दोन्ही बाजूंना बिघडू शकतो; वर अडकला तर बॅटरी संपवतो, खाली अडकला तर बोट बुडवतो. नळीवर वरखाली सरकणारा फ्लोट, ज्याच्या आत चुंबक आणि नळीत काचेतला रीड स्विच असतो, त्याची विजेची जोडणी पूर्ण सीलबंद असते ही मोठी सोय आहे. पण रेती किंवा ग्रीस बसले तर तोही नळीवर चिकटतो. प्रकाशावर चालणारा सेन्सर तेलाच्या एका थराने आंधळा होतो. वरून ध्वनिलहरी सोडून अंतर मोजणारा सेन्सर टाकीत चांगला, पण इंजिनाखालच्या अरुंद जागेत त्याला फेस आणि आजूबाजूचे पाइप फसवतात.

तुमच्यासारख्या ठिकाणी मला सर्वांत आवडलेली पद्धत घरोघरी कपडे धुण्याच्या यंत्रात असते. पेला उलटा करून पाण्यात दाबला की आतली हवा कोंडली जाते आणि तिचा दाब वाढतो. तळाशी ५० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा असा उलटा पेला बसवायचा, त्याच्या डोक्यातून ६ मिलिमीटरची नळी काढून केबिनमध्ये कोरड्या जागी न्यायची आणि तिथे हवेच्या दाबावर चालणारा स्विच किंवा सेन्सर लावायचा. पाणी १०० मिलिमीटर चढले तर दाब साधारण १ किलोपास्कल वाढतो. तळाच्या घाणेरड्या पाण्यात विजेची एकही वस्तू राहत नाही, हलणारा भाग नाही, आणि पाणी खारे की गोडे याच्याशी दाबाला काही देणेघेणे नाही. घनतेत अडीच-तीन टक्क्यांचाच फरक असतो.

या पद्धतीचे दोषही सांगतो. नळीला कुठेही खोलगट झोळ राहता कामा नये, नाहीतर तिथे दमटपणाचे पाणी साचून बूच बसते. सांध्यातून हवा हळूहळू निसटली तर वाचन कमी येते, आणि हा दोष धोक्याच्या बाजूचा आहे. त्यामुळे पंप थांबण्याची पातळी पेल्याच्या तोंडाच्या खाली असली पाहिजे, म्हणजे प्रत्येक उपशानंतर पेला उघडा पडतो आणि ताजी हवा भरून घेतो.

दर्यावरून

मी हर्णैकडचा. वरील दोघांच्या ज्ञानाबद्दल आदर ठेवून वेगळे मत मांडतो. माझ्या बोटीत सहा वर्षे साधा फ्लोट स्विच आहे आणि तो एकदाही अडकलेला नाही, कारण मी त्याला पिंजरा केला आहे. ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपला सर्व बाजूंनी ५ मिलिमीटरची भोके पाडून त्यात उभा फ्लोट बसवला, आणि पाइपभोवती नायलॉनची मच्छरदाणी दोन पदरी गुंडाळली. बोट किनाऱ्याला लागली की तांडेल रोज हात घालून फ्लोट उचलतो आणि पंपाचा आवाज ऐकतो. त्याला अर्धा मिनिट लागतो. पाइपचा आणखी एक फायदा असा की बोट हलली तरी आतले पाणी बाहेरच्याइतके हिंदकळत नाही.

सर्किट, सेन्सर, मोबाइलचे मॉड्यूल या सर्वांना खारी हवा खाते. जी वस्तू आमचा खलाशी स्वतः उघडून दुरुस्त करू शकत नाही ती वस्तू दर्यात नेऊ नये असे मला वाटते.

सर्किटवाला

दर्यावरून, तुमची पद्धत चांगली आहे आणि तिचे बळ त्या रोजच्या अर्ध्या मिनिटात आहे. खाडीमुख यांच्याकडे दोन महिने तो तांडेलचा हात नसणार, हाच या दोन बोटींमधला फरक आहे. मच्छरदाणीवर ग्रीस आणि शेवाळ बसून ती बंद झाली तर पाइपच्या आत पाणी उशिरा चढेल, हेही तुमच्याकडे रोज लक्षात येते, त्यांच्याकडे येणार नाही.

उत्तरवारा

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो. आमची २८ फुटी शिडाची बोट हिवाळाभर साखळीला बांधून असते आणि दोन-तीन आठवडे तिच्यावर कोणी जात नाही, म्हणून प्रश्न ओळखीचा वाटला. पाणी ओळखण्याविषयी वर पुष्कळ आले आहे. मी भोवतालच्या गोष्टींविषयी लिहितो, कारण स्विचवर येणारा दोष अनेकदा नळीचा किंवा वायरचा असतो.

पंप थांबला की बाहेर जाणाऱ्या नळीतले पाणी मागे येते. २५ मिलिमीटर व्यासाची ३ मीटर नळी असेल तर ते सुमारे दीड लिटर भरते. पंपाचा खळगा लहान असेल आणि स्विचची चालू-बंद पातळी जवळजवळ असेल, तर तेवढ्याच पाण्याने स्विच पुन्हा लागतो आणि तेच दीड लिटर पाणी रात्रभर वरखाली होत राहते. यावर अनेक जण नळीत एकदिशा झडप घालतात. अमेरिकेतील बोटबांधणीच्या एबीवायसी मानकात अशी झडप या एका कारणाखेरीज घालू नये असेच म्हटले आहे, आणि माझ्या मते या कारणासाठीही टाळावी, कारण तिच्यात एक खवला अडकला की पंप फिरूनही पाणी बाहेर जात नाही. चालू आणि बंद पातळीत चांगले अंतर ठेवणे हा अधिक खात्रीचा उपाय आहे.

नळीचे बाहेरचे तोंड पाण्याच्या रेषेपासून वर असावे, बोट कलली तरी वर राहील इतके. नाहीतर पंप बंद असताना समुद्राचेच पाणी नळीतून उलट आत येते. नळी आतून गुळगुळीत घ्या; वळ्यांची स्वस्त नळी पाण्याला फार अडवते. पंपावर छापलेला ताशी आकडा चढाव नसताना मोजलेला असतो, त्यामुळे आपल्या बोटीत पंप खरोखर किती पाणी फेकतो हे बादली आणि घड्याळ घेऊन एकदा मोजावे.

पंपाची वायर मुख्य खटक्याच्या आधी, थेट बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज घालून घ्यावी, म्हणजे घरी जाताना कोणी मुख्य खटका बंद केला तरी पंपाला वीज राहते. फ्यूज पंपाच्या उत्पादकाने सांगितलेल्या मापाचाच असावा. पंख्यात धागा गुंतून मोटर अडली तर तो उडाला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धोक्याच्या पातळीचा दुसरा स्विच. तो पहिल्यापेक्षा दहा-पंधरा सेंटीमीटर वर असावा, वेगळ्या तत्त्वावर चालणारा असावा, आणि त्याची वायर, फ्यूज व पंपही वेगळा असावा. एकाच जातीचे दोन स्विच एकाच कारणाने एकाच दिवशी बंद पडतात.

खाडीमुख

सर्वांचे मनापासून आभार. सर्किटवाला यांच्या खुलाशानंतर मी दोन्ही पाणी बादल्यांत घेऊन पाहिले. पागोळ्यांच्या पाण्यात सर्किट गप्प राहिले आणि त्यात मूठभर मीठ टाकताच पंप चालू झाला.

दोन शंका आहेत. नांगरावर असतानाही उधाणाच्या वेळी बोट बरीच झुलते. तळातले पाणी एका बाजूकडून दुसरीकडे गेले की स्विच क्षणोक्षणी लागणार नाही का? आणि कोणताही स्विच चालू स्थितीत अडकलाच तर बॅटरी वाचवण्याचा काही मार्ग आहे का?

सर्किटवाला

पहिल्या शंकेला जागा आणि वेळ अशी दोन उत्तरे आहेत. पेला किंवा फ्लोट पठाणाच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या मधल्या कण्याच्या, रेषेवर ठेवा. बाजूला ठेवलेला प्रत्येक झोक्याला फसतो. शिवाय बोट रिकामी, डिझेल कमी, बर्फ नाही अशा स्थितीत पाणी पुढे जमते की मागे, हे प्रत्यक्ष बघा, कारण नांगरावरची बोट भरलेल्या बोटीपेक्षा वेगळी तरंगते. आडभिंतींच्या तळाशी पाणी पुढे-मागे जायला ठेवलेली भोके तुंबलेली असतील तर एका कप्प्यात पाणी भरेल आणि स्विच दुसऱ्या कप्प्यात कोरडा बसेल. वेळेचे म्हणाल, तर पाणी सलग ८ ते १० सेकंद चालू पातळीच्या वर असेल तरच पंप सुरू करावा. एवढ्या लांबीच्या बोटीचा एक झोका यापेक्षा लवकर पूर्ण होतो, त्यामुळे उसळी आणि खरी पातळी यांतला फरक कळतो.

दुसऱ्या शंकेसाठी पंपालाच साक्षीदार करा. पाणी ढकलणाऱ्या मोटरला कोरड्या फिरणाऱ्या मोटरपेक्षा जास्त प्रवाह लागतो. तुमच्या पंपाचा प्रवाह दोन्ही स्थितींत ॲम्पिअरमीटरने मोजा. स्विच ‘पाणी आहे’ म्हणत असेल पण प्रवाह कोरड्या फिरण्याइतकाच असेल, तर पंप थांबवायचा, पंधरा मिनिटांनी पुन्हा क्षणभर चालवून बघायचे आणि दोष नोंदवायचा. बाजारात असेही पंप मिळतात की ज्यांना स्विचच नसतो. ते ठरावीक मिनिटांनी क्षणभर स्वतः फिरतात आणि मोटरवर भार आला तरच पुढे चालतात. हिशेब करून बघा: ४ ॲम्पिअरचा पंप स्विच अडकल्यामुळे दिवसभर चालला तर ९६ ॲम्पिअर-तासांपर्यंत जाऊ शकतात, म्हणजे जवळजवळ तुमची पूर्ण बॅटरी. हाच पंप खऱ्या पाण्यासाठी तासाला २,२०० लिटर फेकत असेल, तर २,४५० लिटर पावसाला त्याला साडेचार ॲम्पिअर-तास पुरतात. बॅटरी पावसाने संपत नाही.

एक गंभीर सूचना करतो. तळाच्या पाण्यात बुडू शकेल अशा उंचीवर वायरचा एकही सांधा ठेवू नका. धन बाजूची उघडी वायर खाऱ्या पाण्यात बुडाली की तिच्यातून गळणारा प्रवाह शाफ्ट, पंखा, सुकाणूचे लोखंड यांमधून वाट काढतो आणि धातू विरघळवतो. एक ॲम्पिअर प्रवाह एक तास लोखंडातून पाण्यात गेला तर साधारण एक ग्रॅम लोखंड जाते. ०.१ ॲम्पिअरची गळती असेल आणि ती सगळी लोखंडातूनच पाण्यात जात असेल, तर महिन्याला ७५ ग्रॅम. ते एकाच ठिकाणाहून गेले तर भोक पडायला पुरेसे आहे.

कांदळवन

मी खाडीतील कालवे आणि तिसऱ्या या शिंपल्यांतल्या जीवांवर काम करते आणि आतापर्यंत फक्त वाचत होते. एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. हाताने उपसणारा माणूस वर तवंग दिसला की थांबतो. आपोआप चालणारा पंप थांबत नाही. इंजिनाखालचे डिझेल आणि जुने तेल तो रात्रीच्या अंधारात खाडीत टाकतो. मोठ्या जहाजांना मार्पोल या जहाजांचे प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारानुसार पाण्यातील तेल दशलक्ष भागांत १५ भागांपेक्षा कमी करूनच बाहेर सोडावे लागते आणि ४०० टनांच्या वरच्या जहाजांवर त्यासाठी गाळणी-यंत्र असते. आपल्या बोटींवर तसे काही नसते, आणि ज्या खाडीत त्या नांगरलेल्या असतात तिथेच ओहोटीला वाडीतल्या बायका तिसऱ्या काढायला उतरतात. स्विच निवडताना याचाही विचार होऊ शकेल का?

इंजिनकक्ष

ताईंनी हा मुद्दा काढला हे फार बरे झाले. तो मी आधीच लिहायला हवा होता. तेल पाण्यावर तरंगते आणि पंपाचे तोंड तळाशी असते, याचाच उपयोग करून घ्यायचा. पंप थांबण्याची पातळी पंपाच्या जाळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर ठेवली तर तेलाचा थर कधीच जाळीपर्यंत उतरत नाही. खालचे पाणी जाते आणि तवंग आत राहतो. तो आठवड्या-पंधरवड्याने तेल शोषणाऱ्या कापडाने टिपून घ्यायचा. यामुळे तळात नेहमी थोडे पाणी राहील. ते चालेल.

मात्र यातून मी आधी सांगितलेल्या पेल्याची उंची बदलते. थांबण्याची पातळी वर गेली म्हणून पेल्याचे तोंडही तिच्याहून किंचित वर घ्यावे लागेल, नाहीतर पेल्यात ताजी हवा भरणार नाही. मग दाबावरून थांबण्याची पातळी कळणार नाही. पेला उघडा पडला की ठरावीक सेकंद पंप आणखी चालवून थांबवावा. ते सेकंद मोजून ठरवा.

धोक्याच्या वरच्या पातळीला पाणी आणि तेल यांतला फरक ओळखणारा स्विच हवा असेल, तर बंद प्लॅस्टिकच्या आतून विद्युतक्षेत्राने पाणी ओळखणारे स्विच मिळतात. पाण्याचा परावैद्युतांक, म्हणजे पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो तो आकडा, ८० च्या आसपास आणि डिझेलचा २ च्या आसपास असतो, त्यामुळे नीट जुळवलेल्या अशा स्विचला तेल म्हणजे जवळपास हवाच वाटते. पाणी खारे की गोडे याने त्याला दांड्यांच्या सर्किटइतका फरक पडत नाही. तरीही बसवण्यापूर्वी पागोळ्यांचे पाणी, खाडीचे पाणी आणि तुमच्या तळातलेच तेलकट पाणी अशा तीन बादल्यांत त्याची चाचणी घ्या, आणि बाहेर काढल्यावर तो किती वेळात बंद होतो हेही बघा.

दर्यावरून

वरच्या पातळीला पिंजऱ्यातला फ्लोट ठेवा, असे माझे सांगणे आहे. तिथे तो एरवी कोरडा राहतो, घाण लागत नाही, आणि वेगळे तत्त्व ही अटही पूर्ण होते. तो थेट पंपाला जोडावा. मध्ये कोणतेही सर्किट असू नये.

इंजिनकक्ष

सहमत आहे. शेवटचा बचाव जितका साधा तितका चांगला.

खाडीमुख

सात आठवड्यांनी परत लिहीत आहे. मे महिन्यात सर्व बसवले, त्याचा वृत्तान्त देतो.

खालच्या पातळीसाठी पीव्हीसीचा उलटा पेला पठाणावर, इंजिनाच्या मागे बसवला. नळी सरळ वर चढवून केबिनमध्ये नेली आणि तिथे कपडे धुण्याच्या यंत्रात वापरतात तसा ४०० मिलिमीटर पाण्यापर्यंत दाब मोजणारा सेन्सर लावला. पाणी सलग १० सेकंद वर राहिले तर पंप चालू होतो, पेला उघडा पडल्यावर २० सेकंदांनी बंद होतो. एका उपशात ६५ लिटर पाणी जाते आणि त्याला पावणेदोन मिनिटे लागतात. पंपाचा प्रवाह पाण्यात ३.९ ॲम्पिअर आणि कोरडा १.८ ॲम्पिअर भरला, त्यामुळे ३ ॲम्पिअरच्या खाली आला की पंप थांबवून दोष नोंदवला जातो. १२ सेंटीमीटर वर दर्यावरून यांच्या पद्धतीचा पिंजऱ्यातला फ्लोट आहे, त्याला दुसरी बॅटरी आणि दुसरा पंप थेट जोडला आहे. तळात एकही सांधा नाही. पंपांच्या अखंड वायर वर नेऊन जोडल्या आहेत. मोबाइलच्या मॉड्यूलवरून रोज संध्याकाळी ७ वाजता उपशांची संख्या आणि बॅटरीचे व्होल्ट असा एक संदेश येतो. तो आला नाही तर मी सकाळी जाऊन बघतो, मग बिघाड मॉड्यूलचा का असेना. असे एकदा झाले आणि तेव्हा बिघाड मॉड्यूलचाच होता.

बसवल्यानंतर पहिल्या आठवड्यात नळीच्या एका सांध्यातून हवा निसटत होती. इंजिनकक्ष यांनी सांगितलेला दोष जसाच्या तसा दिसला: पंप दोन बोटे उशिरा सुरू होऊ लागला. साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहिले, सांधा कापला आणि अखंड नळी घातली. त्यानंतर पातळी हललेली नाही. सर्वांत मोठ्या पावसाच्या दिवशी ३१ उपसे झाले, म्हणजे सुमारे २,००० लिटर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी १२.५ व्होल्टवर होती. वरचा फ्लोट अद्याप एकदाही लागलेला नाही. मी गेलो की तो हाताने उचलून बघतो. तवंग आत राहतो हेही खरे ठरले. दोन वेळा मिळून अंदाजे दीड लिटर तेल कापडाने टिपून घरी आणले आहे.

आता एक नवीन गोष्ट. जूनमध्ये उघडीप असलेल्या दिवशी उपशांची संख्या शून्य असे. ५ जुलैनंतर कोरड्या दिवशीही एक उपसा दिसू लागला, आणि या आठवड्यात पाऊस नसताना रोज एक ठरलेलाच आहे. ६५ लिटर दिवसाला म्हणजे मिनिटाला ४५ मिलिलिटर होतात. हे थेंब नाहीत, बारीक धार आहे. काल जाऊन पाहिले तर शाफ्टच्या ग्लँडमधून ती धार दिसली. तळातले पाणी जिभेला लावून पाहिले, खारट होते. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत बोट उताराच्या कडेला टेकवून ग्लँड दोरी बदलायची, की उधाणापर्यंत थांबून ती पूर्ण वर घ्यायची, याचा विचार चालू आहे. बोट पाण्यात असतानाच ग्लँड दोरी बदलण्याचा कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहावे. आत किती पाणी येते आणि त्या वेळात दोन्ही पंप हाताने चालू ठेवणे पुरेसे होते का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

इंजिनकक्ष

बाहेरून शाफ्टभोवती ग्रीस लावलेले सुती कापड घट्ट आवळून बांधले तर आत येणारे पाणी पुष्कळ कमी होते, आणि मग आतून दोरीचा एकेक वेढा काढून नवा घालता येतो. पण हे काम तुम्ही एकट्याने करू नका, आणि पावसाच्या दिवशी तर मुळीच नको. आधी ग्लँडचे आवरण न काढता त्याच्यावरचे नट पाव-पाव फेरा समान आवळून धार थांबते का ते बघा. थेंबावर आली तर बोट वर घेईपर्यंत तेवढे पुरेल. किती फेरे आवळल्यावर काय झाले ते इथे लिहा, म्हणजे पुढचे सांगता येईल.

खाडीमुख

उद्या सकाळच्या ओहोटीला चुलत भावाला घेऊन जातो. दोन्ही नट पाव-पाव फेरा आवळून संध्याकाळच्या ७ च्या संदेशात उपशांची संख्या किती येते ते कळवतो.